शीआन, व्हाया मरोळ

रिक्षात बसून 'महाकाली' म्हटलं की रिक्षावाला मीटर पाडता पाडता विचारतो, "महाकाली में किधर? शेर-ए-पंजाब?" 'लेण्यांपाशी' असं सांगितलं तर आरशातून एकदा नीट बघून घेतो. सकाळी साडेआठला, हातात पाण्याची बाटली घेतलेली साठीची बाई लेण्यांपाशी कशाला निघाली, हा प्रश्न त्याच्या जागी मलाही पडला असता.

मरोळला येऊन मला सत्तावीस वर्षं झाली. 'महाकाली केव्हज रोड' हे नाव त्यातला प्रत्येक दिवस तोंडात होतं. दातांच्या डॉक्टरांचा पत्ता तोच, मुलीच्या क्लासचा पत्ता तोच. पण त्यातला 'केव्हज' आम्ही कधी उच्चारतच नव्हतो. रस्त्याला महात्मा गांधींचं नाव असलं म्हणून कुणी गांधीजींना भेटायला निघत नाही, तसंच ते. त्या लेण्यांत मी पहिल्यांदा पाय ठेवला तो २०१९च्या मे महिन्यात. तोही चीनला जाऊन आल्यावर.

चीनला आम्ही टूरबरोबर गेलो. बीजिंग, शीआन, शांघाय. बत्तीस माणसं, त्यातली निम्मी पार्ले, डोंबिवली आणि कोथरूडची. रोज रात्री भारतीय जेवण मिळेल असा शब्द दिलेला होता आणि तो पाळलाही गेला. शीआनमध्ये पहिल्या रात्री वरणभात, बटाट्याची भाजी आणि गुलाबजाम होते. जे शहर एके काळी चांगआन या नावाने जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत मोजलं जात होतं, तिथे बसून आमच्या टेबलावर चर्चा होती ती गुलाबजाम पाकात मुरले आहेत की नाहीत याची. (मुरले नव्हते.)

दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक. मार्च १९७४मध्ये शीआनच्या पूर्वेला लिंतोंग भागात काही शेतकरी दुष्काळात विहीर खणत होते आणि कुदळीला भाजलेल्या मातीचा माणूस लागला. चीन एका सत्तेखाली आणणाऱ्या पहिल्या सम्राटाचं, चिन शी हुआंगचं, हे मेल्यानंतरचं सैन्य. तो इ.स.पू. २१०मध्ये वारला, म्हणजे आपला अशोक गेल्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. सैनिक आठ हजारांच्या घरात असावेत असा अंदाज आहे. १९७९मध्ये त्या खड्ड्यांवर संग्रहालय उभं राहिलं आणि विहीर खणणाऱ्यांतले काहीजण पुढे कित्येक वर्षं तिथेच पुस्तकांवर सह्या देत बसत.

फोटोत दिसतात त्या सगळ्या सरळ रांगा. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे पहिल्या खड्ड्याची मागची बाजू. तिथे नुसता खापरांचा ढीग आहे. कुणाचा खांदा, कुणाचा कान, घोड्याच्या पायाचा खूर. एकेक तुकडा जुळवत पुढची रांग उभी केली आहे आणि मागे काम चालूच आहे. या सैनिकांवर मुळात रंग होता, पण मातीतून वर काढल्यावर हवा लागली की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत आकसून सोलपटतो. सम्राटाचं मूळ थडगं तर अजून उघडलेलंच नाही. टेकडी आहे, तिच्यावर झाडं आहेत, आत काय आहे याचं वर्णन जुन्या बखरीत आहे, आणि ते लोक शांतपणे थांबले आहेत. आमच्यातले एक काका कठड्याला टेकून म्हणाले, "आपल्याकडे असतं ना, तर एव्हाना प्रत्येक शिपायाच्या छातीवर बदाम कोरून त्यात बाण मारला असता." सगळे हसले. मीही हसले.

त्या रात्री आम्ही दोघं पोट बरं नसल्याचं सांगून वरणभाताला दांडी मारली आणि ढोल मनोऱ्यामागच्या गल्लीत शिरलो. हा मनोरा १३८०चा. त्याच्या पाठीशी हुई मुसलमानांची वस्ती आहे, आत लाकडी छपरांची, लांबून बौद्ध मठच वाटावा अशी जुनी मशीद आहे, आणि पुढे गल्लीभर खाणं. डाळिंबाचा रस, तेलात तळलेले पर्सिमन फळाचे गोड वडे, लोखंडी सळीवरचं मटण, आणि कमरेला लावायच्या पट्ट्याएवढ्या रुंद शेवया, ज्यांच्या नावाचं चिनी अक्षर काढायला पन्नासाहून जास्त फटकारे लागतात.

एका दुकानात बसलो. बाईने समोर रिकामा वाडगा आणि तळहाताएवढ्या दोन जाड, कडक रोट्या ठेवल्या आणि ती निघून गेली. आम्ही वाट बघत बसलो. पाच मिनिटांनी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला राहवेना. त्याने स्वतःचा वाडगा आमच्याकडे कलता केला. आत वाटाण्याच्या दाण्याएवढे तुकडे होते. मग कळलं, रोटी आपण कुस्करायची, तो वाडगा आत जातो, आणि मटणाच्या रश्शात उकळून, काचेसारख्या शेवया घालून परत येतो. याला म्हणतात यांगरौ पाओमो. आम्ही भराभरा मोडून वाडगा पुढे सरकवला तर म्हाताऱ्याने त्यात डोकावून मान हलवली. एवढा मोठा तुकडा? आम्ही पुन्हा बसलो. पंचवीस मिनिटं मोडत होतो. शेवटी अंगठा दुखायला लागला. वाडगा आला तेव्हा बरोबर मुरवलेल्या गोडसर लसणाच्या पाकळ्या होत्या. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर कुस्करलेली भाकरी." होतीच. फरक एवढाच की आपल्याकडे भाकरी घाईघाईने कुस्करतात, भूक लागली म्हणून. इथे कुस्करणं हीच जेवणाची सुरुवात होती.

तिसऱ्या दिवशी रानहंसाचा मनोरा. हा इ.स. ६५२मध्ये बांधला, आणि कशासाठी, तर एका भिक्षूने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला. तो भिक्षू म्हणजे आपण शाळेत पाठ केलेला ह्युएन त्संग. सोळा-सतरा वर्षांचा प्रवास करून तो ६४५मध्ये चांगआनला परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. खरं तर आणखी असते. सिंधू नदी ओलांडताना वादळात नाव हेलकावली आणि पन्नासच्या आसपास पोथ्या पाण्यात गेल्या. तर हा गृहस्थ पलीकडच्या काठावर थांबला आणि त्यांच्या नकला करून आणायला माणसं पाठवली.

आमच्या वाटाड्या मुलीने हे सांगताना 'इंडिया' म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला ठाऊक नव्हतं, आणि आमच्यातही फार कुणाला आठवत नव्हतं, की हा माणूस महाराष्ट्रात येऊन गेला होता. त्याने देशाचं नाव लिहिलंय ते चिनी उच्चारात 'मो-हो-ला-चा'. राजा दुसरा पुलकेशी. इथली माणसं उंच, साधी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी. सूड घ्यायचाच तर आधी शत्रूला कळवून घेणारी. हरलेल्या सेनापतीला शिक्षा न देता बायकांचे कपडे नेसवणारी. लढाईआधी हत्तींना दारू पाजणारी. सोसायटीच्या वार्षिक सभेला इतकी वर्षं बसल्यावर मला यातलं, हत्ती सोडून, काहीच जुनं वाटत नाही.

पण मनोऱ्याच्या पायऱ्या उतरताना डोक्यात वेगळंच चाललं होतं. तो गोष्टी बघायला आला नव्हता, न्यायला आला होता. उचलून काय नेता येतं, काय नाही, हा त्याचा रोजचा हिशोब असणार. लेणं नेता येत नाही. पोथी नेता येते.

परत आल्यावर आठव्या दिवशी मी लेण्यांकडे जाणारी रिक्षा पकडली.

महाकालीची लेणी, जुनं नाव कोंडिविटे, एकोणीस आहेत. डोंगराच्या आग्नेयेला पंधरा आणि वायव्येला चार. सगळ्यात जुनं काम इ.स.पू. पहिल्या शतकातलं, सगळ्यात नवं इ.स.च्या सहाव्या शतकातलं. म्हणजे सम्राटाचे मातीचे शिपाई पुरले गेल्यावर शंभरेक वर्षांनी इथे कुणीतरी छिन्नी घेतली, आणि ह्युएन त्संग जन्मायच्या सुमाराला ती खाली ठेवली. सातशे वर्षं. दगड मात्र वेरूळ-अजिंठ्यासारखा पक्का नाही. लाव्हारसाचे तुकडे चिकटून झालेला ठिसूळ दगड, हात फिरवला तर बोटांना भुकटी लागते. खांबांची पोटं पावसाने खाल्ली आहेत. बऱ्याच विहारांत आता नुसते ओटे उरले आहेत. बघणारा पाच मिनिटांत कंटाळावा असंच ते आहे, नवव्या लेण्यापर्यंत.

नववं म्हणजे चैत्य. कार्ले-भाज्याची सवय असलेला माणूस स्तूप समोर दिसेल म्हणून आत शिरतो, आणि स्तूप दिसत नाही. दिवाणखान्याच्या टोकाला दगडाची गोल भिंत पुढे आलेली आहे, तिला दार, दाराच्या दोन्ही अंगांना दगडी जाळीच्या खिडक्या. स्तूप त्या गोल खोलीच्या आत आहे. खोलीचं छत घुमटासारखं. अख्खी रचना म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेली गवताने शाकारलेली झोपडी. अशी गोल झोपडी दगडात कोरलेली आहे ती बिहारमधल्या बाराबरच्या, मौर्यांच्या काळातल्या लेण्यांत. महाराष्ट्रात हे फार दुर्मीळ. पावसाळ्यात एका जागी थांबणाऱ्या भिक्षूंनी आपली पहिली गवती खोपटी दगडात धरून ठेवली, असं मला तिथे बसल्यावर वाटतं. विद्वानांना विचारलेलं नाही.

जाळीच्या खिडकीपाशी ब्राह्मी अक्षरांची ओळ आहे. नीट ऊन पडलं तरच दिसते. ती एका दात्याची आहे. गौतम गोत्रातला ब्राह्मण, त्याने भावासह विहार दान दिला. इतकंच. ब्राह्मणाने बौद्धांना दिलेला विहार, आणि त्यात भावाचं नाव वेगळं नाही, फक्त 'भावासह'. घरातल्या जमिनीच्या कागदांवर असतं तसं. बाजूच्या भिंतीवर पुढे सहाव्या शतकात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. एकीचाही चेहरा धड नाही. आणि हो, बाण मारलेले बदामही आहेत. काकांची आठवण झाली.

वर पाण्याची टाकी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत यांना 'पोढी' म्हटलंय. मला हा शब्द फार आवडतो, त्यात पाण्याचा डुबुक्क आवाज आहे. मी गेले त्या सकाळी एका टाक्याच्या काठावर तीन मुलगे बसून कागदी पुडीतून चायनीज भेळ खात होते. सकाळी नऊला. कॉलेज बुडवून आले असणार. मला बघून त्यांनी पुडी मागे लपवली, जणू मी त्यांची मास्तरीण.

डोंगरावरून पूर्वेला बघितलं की खाली काचेच्या इमारती आणि एक लांबलचक कुंपण दिसतं. ते सीप्झ. नाव सांताक्रूझचं, जागा अंधेरीची, काम १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झालेलं आणि आज तिथून मुख्यतः हिऱ्या-सोन्याचे दागिने परदेशी जातात. त्या कुंपणाच्या आत, झाडांत, एक चर्च आहे. किंवा होतं म्हणा.

पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९मध्ये इथे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च बांधायला घेतलं. गाव कोंडिविटे, पण इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, ईस्ट इंडियनांच्या, तोंडात त्याचं झालं 'कोंदिता'. साष्टी बेट पोर्तुगीजांकडून १७३९ला मराठ्यांकडे आलं, मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेलं, चर्चमध्ये मिस्सा चालू राहिली. ते चर्च बंद पडलं ते कुठल्याही राजामुळे नव्हे. १८४०मध्ये गावात साथ आली. माणसं पटापट मेली. उरलेल्यांनी गाव सोडलं आणि ते मरोळला येऊन राहिले. येताना त्यांनी चर्चमधलं जे उचलता येण्यासारखं होतं ते उचललं. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, खांब, वेदीवरच्या वस्तू. मरोळला सेंट जॉन इव्हँजेलिस्टचं चर्च उभं राहिलं त्यात हे सगळं गेलं.

बाप्तिस्म्याचं पात्र म्हणजे कमंडलू नव्हे. अखंड दगड. बैलगाडीतून आणला असेल. मरणाच्या सावटाखाली घर सोडताना माणूस काय काय घेतो याचा विचार मी बरेचदा करते. २६ जुलै २००५ला मिठी नदी आमच्या गल्लीपर्यंत आली होती, तेव्हा मी वरच्या मजल्यावर नेलं ते रेशनकार्ड, मंगळसूत्र आणि, का कोण जाणे, कुकरची नवी रिंग. कोंदितेच्या लोकांनी दगड नेला. पुढची पोरं त्याच पाण्यात बुडवायची होती म्हणून.

मागे राहिल्या त्या भिंती. छप्पर गेलं, दर्शनी भाग उभा आहे, वडापिंपळाच्या मुळ्यांनी कमानी आवळून धरल्या आहेत. सीप्झ झाल्यावर चर्च कुंपणात आलं, आत जायला पास लागतो. वर्षातून एकदा मात्र ईस्ट इंडियन समाज तिथे सणाला जमतो, उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. एरवी त्या भिंतींना सोबत असते ती निर्यातीच्या खोक्यांची ने-आण करणाऱ्या टेम्पोंची.

"तुम्ही जाता का?" मी आमच्या मागच्या गावठाणातल्या आंटीला विचारलं होतं. ती पंच्याहत्तरची आहे, लुगडं नेसणाऱ्या शेवटच्या काहींपैकी एक.

"जाते तर! आमचाच गाव तो," ती म्हणाली.

"पण गाव तर इथे आहे ना? मरोळ?"

"हा आताचा गो, बाय."

आताचा. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचा.

ईस्ट इंडियन हे नावही असंच उचललेलं. ही माणसं मूळची इथलीच, भातशेती करणारी, मीठ पिकवणारी, मराठी बोलणारी. १८८७मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली तेव्हा गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे कळावेत म्हणून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव. परदेशात सांगताना त्यांच्या पोरांची जी तारांबळ उडते ती ऐकण्यासारखी असते.

आता मासळी. मरोळचा बाजार ज्याने बघितला नाही त्याला मी मरोळकर मानत नाही, मग त्याचा फ्लॅट विसाव्या मजल्यावर असो. ओली मासळी सगळीकडे मिळते. मरोळची ख्याती सुक्या मासळीची. आजूबाजूच्या कोळीवाड्यांतून माल येतो, आणि मे महिना लागला की आगोटीची खरेदी सुरू होते, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने निघतील एवढं भरून ठेवायचं. जून-जुलैत बोटी बंद असतात, त्यामुळे ज्याच्या घरी बरणीत जवळा नाही त्याचं काही खरं नाही. त्या दिवसांत मरोळ नाक्याला उतरलेल्या परक्या माणसाच्या नाकाला रस्ता विचारायची गरज पडत नाही.

बोंबील बघा. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी. सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. वाळलेल्या बोंबलाच्या तोंडाकडे नीट बघितलं तर शेजाऱ्याचा चावा दिसतो. मी मासळीवालीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "घ्यायचं तर घे, ताई. तोंड काय बघतेस, लग्न लावायचंय?"

तिच्यापुढे सुकट, जवळा, करंदी, वाकट्या, खारा बांगडा असे ढीग होते, आणि सगळ्यात मागे, स्वतःच्या गुडघ्याशी, सोड्यांचं प्लास्टिक. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आणि भाव असा की ती गिऱ्हाईकाचा चेहरा बघूनच पिशवीचं तोंड उघडते. माझा चेहरा बघून तिने उघडलं नाही. मी पाव किलो मागितले तेव्हा तिने एक सोडा उचलून माझ्या हातावर ठेवला. "मोडून बघ. कट् असा वाजला पाहिजे. वाकला तर वाळलेला नाय, खवट होणार." वाजला. मला शीआनचा म्हातारा आठवला. जगभर सगळीकडे खाण्याच्या जागी एक म्हातारं माणूस बसलेलं असतं, जे तुमच्या बोटांकडे बघून तुमची किंमत करतं.

मरोळमध्ये दाऊदी बोहऱ्यांचीही मोठी वस्ती आहे. त्यांच्या अल जामिया तुस सैफिया या विद्यापीठाची इथली इमारत २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आमच्या ओळखीच्या एका घरी दरवर्षी एकदा थाळीवर बसणं होतं. एका मोठ्या थाळ्याभोवती आठजण, आधी चिमूटभर मीठ जिभेवर, मग गोड, मग खारं, पुन्हा गोड, पुन्हा खारं. पहिल्यांदा मी गेले तेव्हा सुरुवातीलाच आइस्क्रीम आलं म्हणून वाटलं, जेवण संपलं आणि आपण उशिरा पोचलो. शीआनच्या त्या गल्लीत माझ्या मनात याच थाळ्याचा वास आला होता. दोन्ही ठिकाणी व्यापाराच्या वाटेने आलेला धर्म, आणि दोन्ही ठिकाणी तो स्थानिक तिखटमिठात असा मुरलेला की सोलून वेगळा निघत नाही.

आणि चायनीज? संध्याकाळी सातनंतर मरोळच्या कुठल्याही कोपऱ्यावर लाल कापडाची गाडी, त्यावर ड्रॅगन, आणि पाटीवर 'चायनिझ' किंवा 'चाइनिज' किंवा 'चायनिस', कधी एकाच गाडीच्या दोन बाजूंना दोन. शीआनमध्ये असताना मी मंचुरियन शोधलं नाही, पण आमच्यातल्या एका पोराने शोधलं आणि बिचारा रडकुंडीला आला. मिळणार कुठून? ते मुंबईचं. १९७५मध्ये इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून कोंबडी केली आणि तिला मंचुरियाचं नाव दिलं. शेजवान सॉसचाही सिचुआनशी संबंध आहे तो आडनावबंधू असल्याइतकाच. तरी त्या टाक्यावरच्या मुलांच्या हातातल्या भेळेबद्दल मला राग आला नाही. कुरमुऱ्यांऐवजी तळलेल्या शेवया, चिंचेऐवजी शेजवान, पण कालवायची रीत भेळवाल्याचीच.

शीआनची मेट्रो खणताना पावलोपावली थडगी लागतात, म्हणून आधी पुरातत्त्ववाले जातात आणि मागून यंत्रं. २०११मध्ये पहिली गाडी सुरू झाली ती घंटा मनोऱ्याच्या बरोबर खालून न जाता त्याला वळसा घालून. आमच्या मरोळ नाक्यावर आता एक मेट्रो डोक्यावरून जाते, २०१४पासून, आणि दुसरी पायाखालून, ऑक्टोबर २०२४पासून. खणताना इथे काळा पाषाण निघाला आणि पाणी. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरून तिसरी येते आहे, तिच्या एका स्टेशनाचं नाव ठेवलंय 'महाकाली केव्हज'. तेव्हा रिक्षावाल्यांना तरी 'केव्हज' उच्चारावं लागेल.

मार्चअखेरीस मी आंटीकडे गेले होते. गावठाणाच्या अरुंद गल्लीत क्रूस आहे. मुंबईच्या गावठाणांतले असे बरेच क्रूस १८९६च्या प्लेगच्या काळातले. त्याच्या पायाशी, घरापुढच्या अंगणात, मसाला कांडायला दोन बायका आल्या होत्या. बॉटल मसाला म्हणजे ईस्ट इंडियनांचा गोडा मसाला म्हणा, नाहीतर त्यांचं वेदवाक्य. दोन-तीन प्रकारच्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, शिवाय गहू आणि चण्याची डाळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र भाजला की वाया. घरागणिक प्रमाण वेगळं आणि ते सुनेला लग्नानंतर लगेच सांगायचं नाही अशी पद्धत. लाकडी उखळीत आळीपाळीने मुसळं पडत होती, मिरचीचा खकाणा उडत होता, आणि आंटी तोंडाला पदर लावून बिअरच्या तपकिरी बाटल्या उन्हात पुसत होती. तपकिरी कशासाठी, तर उजेड लागला की मसाल्याचा रंग जातो. बाटलीत मसाला काठीने ठासून भरायचा, हवा राहता कामा नये.

मला त्या खड्ड्यातल्या सैनिकांचा रंग आठवला. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्यांनी बाटलीत का नाही भरलं?

आतल्या खोलीत बॅग उघडी पडली होती. मुलगी कॅनडाहून आलेली, दोन दिवसांनी परत निघायची. आंटीने चार बाटल्या मोज्यांत घातल्या, वर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला आणि बॅगच्या मधोमध ठेवल्या. मग बॅग वजनकाट्यावर. तेवीस किलोची मर्यादा, काटा चोवीस आणि वर थोडं दाखवत होता. मुलगी म्हणाली, "मम्मी, दोन काढ. तिकडे दुकानात मिळतो."

आंटीने बॅग उघडली, मुलीचे नवे बूट बाहेर काढून दाराशी ठेवले आणि चेन लावली.